रंकाळ्यावरची आंबील आणि आठ पिवळ्या पुड्या

१

आठ माणसं बरी झाली आणि त्यामुळं नागसेन माळगेच्या नोकरीवर गदा आली.

दोन हजार पाच सालचा डिसेंबर. गुरुवारी सकाळी डॉ. स्वप्नाली इंगवले यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक फोडलेलं पाकीट होतं. नागसेननं ते ओळखलं. तीन महिन्यांपूर्वी त्यानंच ते लाखेनं बंद करून बाईंच्या कपाटात ठेवलं होतं.

इंगवलेबाईंचा प्रयोग साधा होता. लिव्हरवर चरबी साठलेली, पण दारूच्या थेंबालाही न शिवणारी चाळीस माणसं त्यांनी गोळा केली होती. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात अशी माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. आतड्यात चांगले जंतू सोडले तर लिव्हरवरची चरबी उतरते का, एवढंच बघायचं होतं. वीस जणांना निळ्या पुड्या, वीस जणांना पिवळ्या. एका रंगात जिवंत जंतूंची पावडर, दुसऱ्यात नुसती मक्याची पिठी. बारा आठवडे रोज सकाळी एक पुडी पाण्यातून घ्यायची आणि तेवढे दिवस दही-ताक बंद. कुठल्या रंगात काय, हे रोग्यांना माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त पुड्या भरणाऱ्या फार्मासिस्टला, म्हणजे नागसेनला, आणि त्या पाकिटाला.

"पिवळ्या पुडीत पिठी. बरोबर?" बाईंनी विचारलं.

"व्हय मॅडम."

"निळ्या पुडीवाल्या वीसपैकी चौदा जणांचं रक्त सुधारलं. मी आनंदानं उडायचीच बाकी होते. मग पिवळा कागद उघडला." त्यांनी कागद पुढं सरकवला. "पिठी खाणारे बारा जण होते तसेच. आणि आठ जण निळ्यांपेक्षाही बरे! हे कसं?"

नागसेननं नावं वाचली. आठच्या आठ शिवाजी पेठेतली. बाकीच्या बारांत पेठेतला एकच; उरलेले कागल, मुरगूड, गगनबावडा आणि शहरात इकडंतिकडं विखुरलेले.

"कुणीतरी पेठेतल्या लोकांना चोरून खरं औषध दिलंय," कोपऱ्यातून डॉ. आदर्श म्हणाला. हा बाईंचा सहायक. रोग्यांचं रक्त तोच काढायचा. "पुड्या घरपोच करणारा गुंडू शिपाई पेठेतलाच. पण खरी पुडी कुठली हे गुंडूला सांगणार कोण?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"सोमवारी अकराला समिती बसणार आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तोवर मला खुलासा पाहिजे, माळगे. नाहीतर नोकरी तर जाईलच, पण औषधं हाताळायचा परवानाही जाईल. मग कुठल्या दुकानात गोळ्यासुद्धा विकता येणार नाहीत तुम्हाला."

२

नागसेन तिथून थेट मावशीकडं गेला. घरात पहिला डिप्लोमा त्याचा, पण डोकं चालवायची वेळ आली की सगळं घर आक्काताईकडंच धावायचं.

आक्काताई एकसष्ट वर्षांची, अंगानं किरकोळ आणि जिभेनं दणकट. तिनं तीस वर्षं दूध संघाच्या तपासणी खोलीत काढली होती. कुणी दुधात पाणी घातलं, कुणी सोडा घातला, कुणी गाईचं दूध म्हशीचं म्हणून आणलं, हे ती नुसत्या वासावर सांगायची. मोठमोठे चेअरमन तिला टरकून असायचे. तिच्या लहानपणीची गोष्ट मात्र वेगळी. मुरगूडला असताना तिच्या आईला विरजण हवं असलं, तर परक्या दारात लांब उभं राहावं लागायचं. दह्याचा गोळा वरून वाटीत टाकला जायचा. त्यांच्या घरचं विरजण कुणी कधी मागितलं नाही. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढं त्याच गावाचं दूध पास करायचं की नापास, हे तिच्या सहीवर ठरू लागलं. ही गोष्ट ती क्वचित सांगायची, पण सांगताना हसायची नाही.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "त्या आठ जणांकडं पुड्या उरल्यात का?"

"दोन-चार असतील की. जादाच्या देतोच."

"आनि रगात?"

"रक्ताचं काय?"

"पुडी खोटी असंल न्हायतर रगात खोटं असंल. दोन्ही तपासू या. काढ स्कूटर!"

शुक्रवारी दोघं पेठेत फिरले. बाईंची परवानगी काढून दुसऱ्या लॅबचा माणूस सोबत घेतला. त्यानं आठही जणांचं रक्त नव्यानं काढलं आणि आक्काताईनं प्रत्येकाकडून एकेक पिवळी पुडी मागून घेतली.

आकाराम पैलवान गुडघ्यानं जायबंदी. कधी काळी तालमीत घुमलेलं शरीर आता कॉटवर पसरलेलं होतं. "पावणं, मी उंबरा वलांडत न्हाय," तो म्हणाला. "पर डॉक्टरनीच्या पुडीनं कमाल केली की. प्वाट हलकं झालं!"

"दही-ताक?" आक्काताईनं विचारलं.

"शिवलो न्हाय! आईशपथ!"

त्याची बायको बनाबाई तांब्या घेऊन आली. "घोटभर आंबील घ्या की. रंकाळ्यावर धोंडुबाई गाडा लावती, तिच्याकडनं रोज सकाळी आणतो मी."

नाचणीची गार आंबील. आक्काताईनं एक पेला संपवला, ओठ चाटले आणि दुसरा मागितला. नागसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथं आपला गळा कापला जायची वेळ आलीय आणि मावशीला आंबील सुचतेय!

गल्लीच्या टोकाला केरबा राहायचा. त्याचीही पुडी पिवळी, पण बऱ्या झालेल्या आठांत तो नव्हता. पेठेतला असून तसाच राहिलेला हा एकटाच. तो चांगलाच भडकला होता.

"रोज रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतो! तरी माझी चरबी तशीच! त्यो आकाराम लोळून बरा झाला!"

"फेऱ्या मारून झाल्यावर काय खाता-पिता?" आक्काताईनं विचारलं.

"गंगावेशीत कट्ट्यावर जातो. म्हशीचं धारोष्ण दूध, फेसासकट. बाकी कशाला हात लावत न्हाय."

"झॅक!" आक्काताई म्हणाली आणि एवढी खूश झाली की केरबा आणखीनच चिडला.

३

त्या संध्याकाळी आक्काताईनं दूध उकळलं आणि बोट सोसवेल एवढं कोमट होऊ दिलं. मग ते नऊ वाट्यांत ओतलं. आठ वाट्यांत एकेक पिवळी पुडी, नवव्या वाटीत दवाखान्यातून मागून आणलेली निळी. वर ताटल्या झाकल्या आणि सगळं घोंगड्यात गुंडाळून ठेवलं.

"खरी पुडी म्हंजे जित्तं जंतू. त्ये दूध लावणारच. पिठी काय लावती? बदलली असंल पुडी तर सकाळी दही दिसंल."

शनिवारी उजाडताच नागसेन हजर. आक्काताईनं एकेक ताटली उचलली. निळ्या पुडीची वाटी कलती केली, तर दूध लागलं होतं. पातळसर, पण दहीच. पिवळीची पहिली वाटी: दूध. दुसरी: दूध. आठवी वाटी कलती करेपर्यंत नागसेनच्या कपाळावर थंडीतही घाम जमला होता. ते पण दूधच.

पुड्या बदललेल्या नव्हत्या. गुंडू सुटला.

तेवढ्यात लॅबवाल्याचा फोन आला. नव्या रक्ताचे आकडे आदर्शच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. आदर्शही सुटला.

नागसेन मटकन खाली बसला. "मावशी, पुडी खरी, रगात खरं. म्हंजे पिठी खाऊन मानसं बरी झाली? असं कुठं असतंय? आता तर माझ्याबिगर कुणी उरलंच न्हाय!"

आक्काताईनं पदर खोचला. तिचे डोळे चमकत होते.

"आरं, दोन दारं बंद झाली, म्हंजे तिसरं कुठलं ते कळलं की! चल रंकाळ्याला. तान लागलीया मला."

४

रंकाळ्यावर कोवळं ऊन नुकतं पसरत होतं. धोंडुबाईच्या गाड्याभोवती फिरायला आलेल्यांची झुंबड होती. मोठ्या पातेल्यात शिजवून गार केलेली नाचणी, शेजारी मडक्यात ताक. ती नाचणीत ताक घुसळायची, मीठ-जिरं टाकायची आणि पेला पुढं करायची. नागसेन तिला ओळखत होता. ती स्वतःही बाईंची रोगी, निळ्या पुडीवाली.

आक्काताई गाड्याजवळच्या दगडी कठड्यावर बसली आणि नागसेनकडच्या यादीवर पेन्सिल धरून बघत राहिली. साडेआठ वाजेपर्यंत यादीतले सात जण येऊन पेले रिचवून गेले. आठव्या आकारामसाठी बनाबाई तांब्या भरून घेऊन गेली.

सातवा माणूस परतीला लागला होता; नागसेननं धावत जाऊन त्याला अडवलंच. "तुमाला दही-ताक बंद होतं न्हवं?"

"मग? कुठं खाल्लं?" तो माणूस खऱ्याखुऱ्या नवलानं म्हणाला. "ही आंबील हाय की!"

डॉक्टरांच्या छापील कागदावर दही होतं, ताक होतं, लस्सी होती. आंबील नव्हती. आणि कोल्हापुरात आंबिलीला ताक म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

गर्दी सरल्यावर आक्काताई गाड्याशी गेली. "धोंडुबाई, ताक झकास हाय तुझं. विरजण कुठलं गं?"

धोंडुबाईचा हात क्षणभर थांबला. "बयाबाईचं. शेजारीन माझी. गणपती झाल्यावर एका सांजेला मांजरानं माझं दह्याचं भांडं लवंडलं. दिवं लागून गेलतं. दूध तर कोमट हून बसलेलं. सकाळी गाडा कसा लावू? मग धावत बयाबाईकडं गेलो, आनि आणलं."

"दिलं तिनं?"

"दिलं की. न द्यायला काय झालं?"

आक्काताईनं मान डोलावली, पेल्याचे पैसे दिले आणि नागसेनला बाजूला घेतलं. "दवाखान्यात जा. धोंडुबाईनं परत दिलेल्या रिकाम्या पुड्या काढ. गणपती झाल्यावरच पुड्या सुरू झाल्या न्हवं? पहिल्या आठवड्याच्या नीट बघ."

५

प्रत्येक रोग्याच्या रिकाम्या पुड्या आठवड्यागणिक रबर लावून ठेवलेल्या होत्या. धोंडुबाईचा हिशेब चोख होता, एकही कमी नव्हती. पहिल्या आठवड्याच्या सात पुड्या नागसेननं टेबलावर मांडल्या. सहांचा कोपरा दातानं तोडलेला. सातवी मात्र वरपासून खालपर्यंत विळीवर चिरून सपाट उलगडलेली, आतला कणन् कण निपटून घेतल्यासारखी. आतल्या बाजूला काहीतरी वाळलेलं, पांढरट. त्यानं नखानं खरवडून नाकाशी नेलं. दुधाचा वास!

तो स्कूटर दामटत मावशीकडं आला तेव्हा दुपार कलली होती. धोंडुबाई लेकीकडं गेली होती. ती परतेपर्यंत दिवस मावळला. दोघं तिच्या घरी पोचले तेव्हा तिनं नुकताच देव्हाऱ्यात दिवा लावला होता. आक्काताईनं चिरलेली पुडी तिच्यासमोर ठेवली.

धोंडुबाईचा चेहरा पडला.

"मी सांगतो, तू ऐक," आक्काताई म्हणाली. "चुकलं तर सांग. आठ मानसं पिठी खाऊन बरी झाली. पुड्या बदलल्या न्हाईत, रगात बदललं न्हाई. म्हंजे औषध दुसऱ्या वाटेनं पोटात गेलं. फिरून बरी झाली म्हनावं तर आकाराम फिरत न्हाई. आनि केरबा फिरतोय, त्याला गुन न्हाई. आकाराम काय घेतोय आनि केरबा काय घेत न्हाई? तुझी आंबील! मी ती प्यालो. तीस वर्षं दही चाखलंय मी. आपल्याकडचं दही जिभेला लागताच आंबट लागतंय. तुझ्या ताकाचा आंबटपणा मागनं येतोय. असलं विरजण पेठेत कुणाचंच न्हाई."

"बयाबाई..." धोंडुबाई पुटपुटली.

"हितंच सापडलीस की! दिवं लागल्यावर कोल्हापुरात कुठली बाई विरजण देती गं? लक्ष्मी जाती म्हनत्यात. बयाबाईनं दिलं न्हाई. तुझं दूध निवत चाललेलं. डॉक्टरीन म्हनली हुती, ह्यात दह्यासारखं जंतू असतील न्हायतर नसतील. तू पुडी चिरलीस आनि दुधात झटकलीस."

धोंडुबाईनं पदरानं डोळे पुसले. "एकच! खरंच एकच पुडी, आक्का! त्या दिवशीची चुकवली, बाकी रोज घेतल्या. दूध लागलं. मग रोजच्या दह्यातनं दुसऱ्या दिवशीचं. पुडीला परत हात लावला न्हाई. डॉक्टरीन रागवंल म्हनून बोललो न्हाय. मानसं मरतील का गं?"

"मरत्यात कुठली! बरी झाल्यात ती! मरतोय त्यो ह्यो माझा भाचा."

नागसेन पुढं झाला. "धोंडुबाई, सोमवारी अकराला माझी नोकरी जानार. नुसतं सांगून समिती ऐकनार न्हाय. तुमचं विरजण आजच्या आज लॅबमध्ये गेलं पायजे. जंतू वाढायला रात आनि रविवार लागतोय. उद्या दिलं तर उशीर हुतोय."

धोंडुबाईनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. समई जळत होती. दारात तिन्हीसांज उभी होती. तीस वर्षांत तिनं या वेळी चिमूटभर मीठसुद्धा घराबाहेर दिलं नव्हतं.

"आक्का, माझं सगळं घर त्या दह्यावर चालतंय," ती म्हणाली.

"ठावं हाय मला," आक्काताई म्हणाली आणि दाराबाहेर, पायरीच्या खाली जाऊन उभी राहिली. मुरगूडला तिची आई उभी राहायची तशी. हे तिनं मुद्दाम केलं की जुनी सवय पायात उतरली, नागसेनला कळलं नाही.

धोंडुबाई बघत राहिली. मग तिनं मडकं उघडलं, वाटी भरली, झाकण लावलं आणि उंबरा ओलांडून, पायरी उतरून आक्काताईच्या हातात ठेवली. "आत या म्हनायचं सोडून मी बघत बसलो! घ्या. पर माझं विरजण मला परत पायजे हं. उजेडाचं."

६

सोमवारी अकरा वाजता समितीच्या टेबलावर दोन नळ्या होत्या. आक्काताई कडक इस्त्रीच्या लुगड्यात, दूध संघातल्या ऐटीत उभी होती.

"दोन्हीत दूध हाय आनि पित्ताचा क्षार हाय," ती म्हणाली. "घरगुती दह्याचं जंतू पित्तात टिकत न्हाईत. पुडीतलं जंतू आतड्यापतोर पोचायला निवडल्यालं. त्ये पित्ताला भीक घालत न्हाईत. ह्या नळीत माझ्या घरचं दही टाकलं. ह्या नळीत आंबिलीवालीचं. करा आडवी!"

डॉ. आदर्शनंच नळ्या आडव्या केल्या. पहिलीतलं दूध वाहत गेलं. दुसरीतलं जागचं हललं नाही.

इंगवलेबाई एकदम उठल्या. त्यांच्या गालावर लाली चढली होती.

"म्हणजे औषध ज्यांच्या पोटात गेलं त्यांतले बहुतेक बरे झाले, मग पुडीतून जावो की पेल्यातून! आणि ज्यांच्या पोटात गेलं नाही ते तसेच राहिले!" त्या भराभर खोलीत फिरू लागल्या. मग थांबल्या आणि स्वतःलाच आवर घातला. "नाही. प्रयोग बिघडलाय. आठ माणसं म्हणजे पुरावा नव्हे. नाचणीचा गुण असेल, आणखी काही असेल. पण सुगावा? अहो, केवढा मोठा सुगावा! सगळं नव्यानं करायचं, दोनशे माणसं घेऊन. आणि कागदावर पहिली ओळ काय लिहायची?"

"आंबील पिता का?" नागसेन म्हणाला.

सगळे खो खो हसले. आदर्शनं पुढं येऊन नागसेनचा हात हातात घेतला. "चुकलो, माळगे. आधी बोललो आणि मग विचार केला."

"पुड्या भरायला या वेळीही तुम्हीच," बाई म्हणाल्या. नागसेननं मान डोलावली.

७

दुपारी लख्ख उन्हात नागसेनची स्कूटर धोंडुबाईच्या दारात थांबली. आक्काताईच्या हातात झाकणाची वाटी होती. शनिवारी आणलेल्या विरजणातलं चमचाभर तिनं ठेवून घेतलं होतं आणि आपल्या घरी, आपल्या दुधात लावलं होतं.

"तुझं विरजण," ती म्हणाली. या वेळी ती पायरीवरच थबकली.

"आत या आधी!" धोंडुबाईनं तिला हाताला धरून आत ओढलं. वाटी उघडली, बोट बुडवून चाखलं आणि जीभ टाळ्याला लावून क्षणभर डोळे मिटले. "आक्का, माझ्यापरास घट्ट लागलंय की!"

चुलीशेजारी उद्याच्या आंबिलीसाठीचं पाच लिटर दूध कोमट होत आलं होतं. धोंडुबाईनं बोट घालून पाहिलं आणि आक्काताईच्या घरच्या दह्याचा मोठा गोळा त्यात सोडला. पळी फिरवली. हे सगळं ती बोलत बोलत करत होती, केरबाला आता आंबील कशी पाजायची याबद्दल.

आक्काताई पळी थांबेपर्यंत त्या पातेल्याकडं, त्यात विरघळणाऱ्या आपल्या घरच्या दह्याकडं बघत उभी होती.

निरोप घेऊन दोघं बाहेर आले. नागसेननं किक मारली, पण मावशी काही मागं बसेना.

"काय झालं?"

"थांब रं जरा," ती पदर सावरत परत दाराकडं वळली. "पातेल्यावर झाकण नीट बसलंय का बघून येतो."